तुटपुंज्या राशीची मसलत

पुढील संभाषणातील दोघेही गृहस्थ छत्रपती संभाजीनगरचे जुने रहिवासी. वकीलसाहेबांनी येथील खंडपीठासमोर दीर्घकाळ वकिली केली आणि निवृत्तीनंतर मलिक अंबराच्या इतिहासाचे वाचन आरंभिले. प्राध्यापकांनी संभाव्यताशास्त्र शिकविता शिकविता पोकरकडे प्रथम एक उदाहरण म्हणून, आणि पुढे उदाहरणाची मर्यादा ओलांडणाऱ्या आस्थेने पाहिले. त्यांच्या बैठकीत पैशाला प्रवेश नाही. डाव चिंचोक्यांवर चालतो, आणि तरीही हरणाऱ्याच्या मनाची टोचणी तिळमात्र कमी होत नाही. खेळ टेक्सास होल्डेम या प्रकारचा : प्रत्येकाच्या हाती दोन झाकले पत्ते, मध्ये क्रमाक्रमाने उघडणारे पाच सामाईक पत्ते, आणि या सातांतून निवडलेल्या उत्तम पाचांवर निकाल. पत्ते पाहण्यापूर्वीच दोघांना सक्तीचा भरणा करावा लागतो. त्यांतील लहान तो स्मॉल ब्लाइंड आणि मोठा तो बिग ब्लाइंड. स्पर्धेत हे भरणे ठरावीक मुदतीने वाढत जातात, एकेक खेळाडू गळत जातो, आणि अखेर दोघेच उरले म्हणजे त्या अवस्थेला हेड्स-अप म्हणतात.

त्या दिवशी दोघेच उरले तेव्हा प्राध्यापकांपुढे ८० चिंचोके होते, वकीलसाहेबांपुढे २०, आणि ब्लाइंड १ व २ असे होते. वकीलसाहेब चांगल्या पत्त्यांची वाट पाहत राहिले. २० चे १२ झाले, १२ चे ५ झाले, आणि अखेर एक्का हाती आला तेव्हा त्याला भिण्याचे कोणतेही कारण प्राध्यापकांना उरले नव्हते. वादाला तोंड फुटले ते येथे.

वकीलसाहेब : पराभव मला कबूल आहे, प्राध्यापक महाशय, परंतु त्यावरचा तुमचा उपदेश कबूल नाही. दुबळ्याने आपले सर्वस्व एकाच फटक्यात पणाला लावावे, हा सल्ला दुबळ्याचा हितचिंतक देत नसतो. ज्या नगरात आपण बसलो आहोत त्याचा पाया १६१० मध्ये खडकी या नावाने ज्याने घातला, त्या मलिक अंबराचाच दाखला घ्या. १६०० मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हा निजामशाहीच्या शिलकेत काही किल्ले आणि विस्कळीत झालेले सरदार यांपलीकडे काय उरले होते? त्या शिलकेवर त्या हबशी मुत्सद्द्याने मृत्यूपर्यंत, म्हणजे १६२६ पर्यंत, मोगल दौलतीला दक्षिणेत स्वस्थ बसू दिले नाही. आणि ते त्याने समोरासमोरच्या लढाईत सर्व फौज ओतून साधले नाही, तर रसद तोडून, रात्री छापे घालून, घाटात गाठून आणि मैदानात टाळून साधले. भडकल दरवाजा आजही उभा आहे. १६१२ मध्ये मोगलांवरील विजयाची खूण म्हणून तो बांधला गेला, आणि तो संयमाचे स्मारक आहे असे मी समजतो.

प्राध्यापक : अंबराविषयी मला आदर आहे, वकीलसाहेब, म्हणूनच तुमच्या १२ चिंचोक्यांच्या बचावासाठी त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नये असे वाटते. रणांगणावर ८० हजारांची फौज २० हजारांवर एकदम कोसळू शकते. पोकरच्या टेबलावर तसे घडत नाही. तुमच्यापुढे २० असताना माझ्यापुढे ८० असोत की ८ हजार, एका डावात मला तुमच्याकडून २० च घेता येतात आणि माझेही २० च धोक्यात येतात. उरलेले ६० त्या डावापुरते निव्वळ प्रेक्षक असतात. त्या एका डावात आपण दोघेही सारखेच श्रीमंत आणि सारखेच गरीब होतो, आणि तुम्हाला भेडसावीत होती ती ढीगभर रास प्रत्यक्षात तुमच्यावर चालून येऊच शकत नव्हती.

वकीलसाहेब : हा युक्तिवाद कागदावर निर्दोष आहे, पण २० हरल्यावर तुमच्यापाशी ६० उरतात आणि मी घरी जातो. हा फरक तुम्ही कोणत्या खात्यात लिहिता?

प्राध्यापक : दुसऱ्या संधीच्या खात्यात. मोठ्या राशीचा खरा लाभ तेवढाच आहे : तिला चुकता येते. परंतु त्या लाभाची किंमत डाव सुरू होण्यापूर्वीच लावलेली असते. दोघे समान कुशल असले तर २० वाल्याची स्पर्धा जिंकण्याची शक्यता १०० त २० असते, ८० वाल्याची ८०. रास दुप्पट झाली की शक्यताही दुप्पट होते. याचा अर्थ असा, की प्रत्येक चिंचोक्याचे मोल सारखेच असते आणि शेवटच्या चिंचोक्याला शेवटचा म्हणून अधिक किंमत चढत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तिघे किंवा चौघे खेळत असतात तेव्हा संयमाला मोबदला मिळतो, कारण आपण स्वस्थ बसलो असता दुसरे दोघे एकमेकांवर आदळून एक जण बाद होतो आणि आपले बक्षीस आपोआप एक पायरी वर चढते. दोघेच उरले म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस दोघांनीही मिळविलेलेच असते. झगडा उरतो तो पहिल्या आणि दुसऱ्यातील फरकापुरता, आणि आपल्याऐवजी बाद होईल असा तिसरा कोणी शिल्लक नसतो. तिसरा गडी उठून गेला त्या क्षणी काटकसरीचा गुण संपला होता, आणि तुम्ही मात्र तो गुण म्हणूनच पुढे चालू ठेवला.

वकीलसाहेब : पण मी चांगल्या पत्त्यांची वाट पाहत होतो, आणि त्यात अविवेक कोणता हे मला अजून समजलेले नाही.

प्राध्यापक : मग वाट पाहण्याचा हिशेब करू. हातात जोडी येण्याची शक्यता सरासरीने १७ डावांत एकदा असते. दोघांच्या खेळात एका डावात तुम्ही १ भरता, पुढच्या डावात २. म्हणजे प्रत्येक डाव सोडून दिलात तर दोन डावांत ३ जातात आणि २० चिंचोके तेरा-चौदा डावांत संपतात. जोडीची सरासरी प्रतीक्षा राशीच्या आयुष्यापेक्षा लांब आहे. शिवाय ब्लाइंड आपल्याला खातात अशी जी तक्रार तुम्ही डावभर करीत होता ती वस्तुस्थितीला धरून नाही. ब्लाइंड मीही तितकेच भरत होतो. तुमचे चिंचोके माझ्याकडे आले ते तुम्ही न लढता सोडलेत म्हणून. एकूण १०० च्या ताळेबंदात कोणाचेही नाहीसे होत नसते. एकाने सोडले की ते दुसऱ्याच्या जमेस पडते.

वकीलसाहेब : बरे, २० चिंचोके हाती असताना तुम्ही काय केले असते ते सांगा. साधारण पत्त्यांवर सर्व पुढे ढकलले असते?

प्राध्यापक : पुष्कळदा. समजा तुम्ही स्मॉल ब्लाइंडला आहात. हेड्स-अपमध्ये पत्ते वाटणाऱ्याचे बटण ज्याच्यापुढे असते तोच स्मॉल ब्लाइंड भरतो. मधले पत्ते उघडण्यापूर्वी त्याला प्रथम बोलावे लागते आणि उघडल्यानंतर त्याला शेवटी बोलण्याचा मान मिळतो. पत्ते टाकून दिलेत तर १ निश्चित गेला. आता सर्व २० पुढे केलेत, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ऑल-इन गेलात, आणि मी १०० पैकी ६० वेळा माघार घेतली, तर त्या ६० वेळा माझे २ तुम्हाला आयते मिळतात. उरलेल्या ४० वेळा मी ललकार स्वीकारली आणि त्यांत तुम्ही १०० त केवळ ३८ वेळा जिंकलात, म्हणजे स्पष्टपणे दुबळे पत्ते घेऊन लढलात असे धरले, तरी सर्व मिळून तुमचे सरासरी नुकसान एका चिंचोक्याच्या पाऊण भागापेक्षा किंचित कमीच येते. पत्ते टाकण्यात नुकसान पुरा एक. तेव्हा दुबळे पत्ते घेऊन लढणेही सभ्यपणे माघार घेण्यापेक्षा स्वस्त पडते. हा लाभ पत्त्यांच्या बळाचा नव्हे. तो मी घेतलेल्या ६० माघारींचा आहे.

वकीलसाहेब : आणि तुम्ही माघार का घ्यावी? मी तर म्हणेन, या मनुष्याला आता दुसरा मार्ग नाही, हा काहीही घेऊन पुढे सरसावत असला पाहिजे.

प्राध्यापक : तुम्ही असे म्हणाल, आणि तरीही बहुतेक पत्त्यांवर तुम्हाला माघारच घ्यावी लागेल, कारण प्रश्न माझ्याविषयीच्या मताचा नसून किमतीचा आहे. समोरच्याने २० पुढे केले, तुमचे २ आधीच मध्ये आहेत. तुम्हाला आणखी १८ भरून मधले २२ मिळवायचे आहेत. ४० च्या गंगाजळीत १८ तुमचे, म्हणून १०० त ४५ वेळा तरी जिंकणारे पत्ते तुमच्या हाती हवेत. हीच रास १० असेल तर भरणा ८ चा, गंगाजळी २० ची, आणि ४० पुरतात. रास ४ वर आली असेल तर २ भरून ६ मिळतात. तेथे १०० त २५ पुरतात, आणि सत्ती-दुर्रीसारखे अत्यंत नादान पत्तेसुद्धा अनोळखी हाताविरुद्ध १०० त सुमारे ३५ वेळा जिंकतात, तेव्हा न पाहतादेखील ललकार स्वीकारावी. पाहा, तुमच्या राशीबरोबर काय आटत गेले ते. चिंचोके तर आटलेच. परंतु त्यांच्यामागे उभी असलेली भीती त्याहून वेगाने आटली. तुटपुंज्या राशीचे सारे सामर्थ्य तिच्या आकारात नसून तिला नकार देण्याच्या किमतीत असते, आणि ती किंमत जोवर समोरच्याला जड वाटते तोवरच ती वसूल करून घ्यावी लागते.

वकीलसाहेब : हे मात्र मला माझ्या व्यवसायामुळे पटते. नोटिशीचे बळ तिच्या मजकुरात नसते. पाठविणाऱ्यापाशी दावा लावण्याची ऐपत आहे असे जोवर वाटते तोवर ती वाचली जाते, आणि ऐपत गेली की तोच मजकूर रद्दीत जातो.

प्राध्यापक : तेच. तुमचा एक्का आला तेव्हा तुमच्या नोटिशीमागे ५ चिंचोके होते.

वकीलसाहेब : तथापि माझा मुख्य आक्षेप अद्याप शिल्लक आहे. तुम्ही या खेळाला बुद्धीचा खेळ म्हणता. बुद्धीच्या खेळात मनुष्य प्रतिस्पर्ध्याचे मन वाचतो, लहान रक्कम लावून त्याची चाचपणी करतो, मधले तीन पत्ते उघडल्यावर आपला बेत बदलतो, पाचव्या पत्त्यापर्यंत मुद्रा निर्विकार ठेवतो. तुमच्या मसलतीत यांतील काय उरले? सर्व लावा किंवा सर्व टाका, असे दोन शब्द. आणि मग पाच पत्ते उघडेपर्यंत दोघांनी हात जोडून बसायचे.

प्राध्यापक : त्या दोन शब्दांत किती ऐवज मावतो याची मोजदाद झालेली आहे. डेन्मार्कमधील ऑर्हुस विद्यापीठातील पीटर ब्रो मिल्टरसेन आणि ट्रोएल्स ब्येरे सॉरेन्सेन यांनी २००७ मध्ये एक विशिष्ट स्पर्धा तपासली : टेबलावर एकूण ८,००० चिप्स, ब्लाइंड ३०० व ६००, खेळाडू दोन. त्या खेळाचे संपूर्ण उत्तर काढणे त्यांच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर होते. म्हणून त्यांनी फक्त ऑल-इन किंवा माघार एवढेच करणाऱ्या खेळाडूची सर्वोत्तम नीती काढली आणि सिद्ध केले, की सर्व बारकावे वापरणाऱ्या आदर्श खेळाडूच्या तुलनेत या दोनशब्दी खेळाडूची स्पर्धा जिंकण्याची शक्यता १०० त १.४ पेक्षा अधिक कमी पडत नाही. तुम्ही ज्याला बुद्धीचा विलास म्हणता, त्याची किंमत तेवढ्या उथळ राशींच्या खेळात फार तर एवढी. मात्र सावधगिरी म्हणून सांगतो, तेथे दोघांच्या राशी समान झाल्या तरी प्रत्येकाकडे सात बिग ब्लाइंडदेखील नव्हते. खोल, म्हणजे ब्लाइंडच्या मानाने मोठ्या, राशीला हा निष्कर्ष लावणे अन्यायाचे होईल.

वकीलसाहेब : आणि ही नीती माहीत असलेला प्रतिस्पर्धी तिचा फायदा घेत नाही?

प्राध्यापक : घेऊ शकत नाही, हीच तिची थोरवी. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केले, की दोघांच्या खेळात, जेथे एकाचा लाभ ती दुसऱ्याची हानी, तेथे प्रत्येकाला अशी एक नीती उपलब्ध असते, की ती आधी जाहीर केली तरी प्रतिस्पर्ध्याला तिच्यातून अधिक काही काढता येत नाही. कोणत्या पत्त्यांवर काय करावे हे सांगणाऱ्या तक्त्यांना खेळाडू आज गणितज्ञ जॉन नॅश यांचे नाव देतात, पण दोघांपुरता मूळ सिद्धांत नॉयमन यांचा आहे. दहा बिग ब्लाइंडच्या राशीवर तो तक्ता स्मॉल ब्लाइंडला निम्म्याहून अधिक पत्त्यांवर ऑल-इन जाण्यास सांगतो, आणि समोरच्याला तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या अधिक पत्त्यांवरच ललकार स्वीकारू देतो. तो तक्ता टेबलावर उलगडून ठेवूनही तुम्ही खेळू शकता.

वकीलसाहेब : म्हणजे कौशल्य तक्त्यात गेले, आणि खेळणाऱ्याकडे पाठांतर उरले. आता कायद्याची बाजू ऐका. हे नगर १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्या संस्थानाचा १३०५ फसलीचा जुगार कायदा सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो १९६७ मध्ये, आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात. सिकंदराबादेच्या एका क्लबातील रमीचा तो वाद. न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले, कारण कोणते पत्ते पडले हे स्मरणात ठेवावे लागते आणि कोणते धरावेत, कोणते टाकावेत याची जुळणी करावी लागते. तीन पत्तीला मात्र त्याच निकालात निव्वळ नशिबाच्या पंक्तीत बसविले. आता माझा प्रश्न असा : खोल राशीचे पोकर रमीच्या शेजारी बसविता येईल, हे मी वादापुरते मान्य करतो, पण रास जसजशी आटते तसतशी निर्णयांची संख्या घटते, आणि दहा ब्लाइंडवर आलेले तुमचे पोकर उतरत उतरत तीन पत्तीच्या ओट्यावर येऊन बसत नाही काय?

प्राध्यापक : उतरते, हे खरे, पण ओट्यापर्यंत पोहोचत नाही. निर्णय थोडे झाले म्हणून त्यांचे वजन कमी होत नाही; उलट ज्याच्यापाशी एकच निर्णय आहे त्याला तो बिघडविण्याची चैन परवडत नाही. तरीही तुमच्या समाधानासाठी कौशल्याचा वाटा मोजून देतो. १०० त २० चिंचोके असलेला मनुष्य दर वेळी सर्व लावून, समसमान शक्यतेने लढला, तर तो २० टक्के स्पर्धा जिंकतो. तो प्रतिस्पर्ध्यापेक्षा इतका सरस आहे असे माना, की प्रत्येक टक्कर तो १०० त ५५ वेळा जिंकतो. २० चे ४०, ४० चे ८०, आणि पुढे शेवटची टक्कर, अशी साखळी मांडली तर त्याची शक्यता २६ च्या किंचित आत येते.

वकीलसाहेब : म्हणजे कुशल मनुष्यही चारांत सुमारे तीन वेळा हरतो! प्रतिवादीचे वकीलपत्र तुम्ही माझ्यासाठी सोपे केलेत.

प्राध्यापक : आणि अकुशलाला न मिळणारे सहा जादा विजय त्याला मिळतात, हे मात्र तुम्ही दप्तरी नोंदवून घेत नाही. मूळच्या २० वर त्या सहांचे प्रमाण पाव हिश्श्याहून अधिक आहे. कौशल्य एका संध्याकाळी दिसत नाही. ते शेकडो संध्याकाळींच्या बेरजेत दिसते.

वकीलसाहेब : न्यायालयापुढे आरोपी एकाच संध्याकाळचा असतो. म्हणूनच गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरविले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालताना कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला सारला. घरे उद्ध्वस्त होतात ती बेरजेने होत नाहीत, एकेका रात्रीने होतात.

प्राध्यापक : पैशाच्या बाबतीत तुमचे म्हणणे मी निमूटपणे मान्य करतो, आपण चिंचोक्यांवर खेळतो ते उगीच नव्हे. पण निर्णयाचा बरेवाईटपणा आणि परिणामाचा बरेवाईटपणा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, एवढाच माझा आग्रह आहे.

वकीलसाहेब : तर मग परिणामाची एक गोष्ट मीच सांगतो. १९८२ च्या पोकरच्या जागतिक मालिकेतील मुख्य स्पर्धेत जॅक स्ट्रॉस नावाच्या खेळाडूने आपली सर्व रास गेली असे समजून उठावे, आणि ५०० ची एकच चिप शिल्लक राहिलेली त्याला सापडावी; त्या एका चिपेवरून पुन्हा उभा राहून त्याने ती स्पर्धा जिंकली. तुमच्या भीतीच्या सिद्धांताप्रमाणे त्या चिपेला कोण भ्याले असते?

प्राध्यापक : कोणीच नाही, आणि म्हणूनच ती कथा अजून सांगितली जाते. एका चिपेवर बाद झालेल्या हजारोंची नावे कोणी लिहून ठेवीत नाही. अपवादावर श्रद्धा ठेवावी, नीती मात्र त्यावर उभारू नये.

वकीलसाहेब : ठीक. आता अंबराकडे परत येतो, कारण त्याला पिंजऱ्यातून तुम्ही फार लवकर खाली उतरविलेत. १६१६ मध्ये जालन्याकडील रोषणगावजवळ तो शाहनवाजखानाच्या मोगली फौजेसमोर मैदानात उभा राहिला; हरला, आणि मागोमाग मोगलांनी ही खडकी जाळून उद्ध्वस्त केली. १६२४ मध्ये अहमदनगरजवळच्या भातवडीला तो मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेवर तुटून पडला, आणि त्या विजयाने दक्षिणेचे पारडे फिरले. शहाजीराजे त्या रणात होते, त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. दोन्ही वेळा त्याने बरेच काही पणाला लावले. तुमच्या तक्त्याला या दोहोंतील भेद दिसतो काय, की जिंकला तो शहाणा एवढेच त्याला कळते?

प्राध्यापक : भेद दिसतो, आणि तो परिणामात नाही. रोषणगावच्या आधी अंबराचे काही सरदार फुटून मोगलांना मिळाले होते; समोरचा ललकार स्वीकारण्याच्या पूर्ण तयारीत होता. भातवडीला अंबराने आधी माघारीचा देखावा केला, शत्रूला पावसात आणि चिखलात ओढले, तलावाचे पाणी सोडून त्याची वाट दलदलीची केली, रसद तोडली, रात्रीच्या छाप्यांनी झोप उडविली. उपाशी छावणीतून माणसे पळू लागली. मग तो तुटून पडला. ज्या शत्रूला ललकार स्वीकारणे परवडेनासे झाले आहे त्याच्यावर सर्व फौज ओतणे, याला मी साहस म्हणणार नाही. ती ६० माघारींची शाश्वती करून घेतलेली चढाई होती.

वकीलसाहेब : म्हणजे वाट पाहणे हाच त्याच्या विजयाचा पाया होता, हे तुम्हीही कबूल करता!

प्राध्यापक : त्याचे वाट पाहणे समोरच्याला झिजवीत होते. बुऱ्हाणपुराहून येणाऱ्या रसदेवर जगणाऱ्या फौजेचा प्रत्येक दिवस खर्चाचा होता, आणि डोंगर, पाऊस, गावे अंबराच्या बाजूची होती. आपल्या टेबलावर डोंगर कोठे आहे? तुम्ही थांबता तेव्हा माझा एकही चिंचोका झिजत नाही, उलट तुमचा माझ्या पदरात पडतो; आणि ब्लाइंड वाढले की दोघांचाही श्वास आखूड होतो, पण आधी संपतो तो तुमचा. थांबावे की नाही हा प्रश्न धैर्याचा नसून, काळ कोणाच्या चाकरीत आहे याचा आहे.

वकीलसाहेब : काळ माझ्या चाकरीत असेल अशी राशीची एखादी अवस्था तुमच्या खेळात नाहीच?

प्राध्यापक : आहे, आणि तेथे मी अंबराचा शिष्य होतो. २०-२५ बिग ब्लाइंड हाती असतील तर ऑल-इन हा आततायीपणा ठरतो : ३ मिळविण्यासाठी ५० धोक्यात घालणे कोणत्याही जमाबंदीत बसत नाही. तेथे बटणावर असताना लहान रक्कम वाढवून किंवा नुसता भरणा पुरा करून स्वस्तात आत यावे, मधले तीन पत्ते पाहावेत, शेवटी बोलण्याच्या हक्काचा उपयोग करावा, आणि लहान लहान छाप्यांनी गंगाजळी उचलीत राहावी. १५ च्या आसपास हे छापे आखडते घ्यावेत, आणि समोरच्याने वाढविलेल्या रकमेवर सर्व लावण्याचे हत्यार बाहेर काढावे. दहाच्या सुमारास अजून काही पत्त्यांवर स्वस्त प्रवेश शहाणपणाचा असतो, परंतु बहुतेक काम दोन शब्दांनी होते. सातांच्या खाली दोन शब्दच उरतात. आणि तीन-चारांवर आलात की निवड तुमच्या हाती नसून तुम्हाला मिळालेल्या पत्त्यांच्या हाती असते. तुमची वीस चिंचोक्यांची रास दहा बिग ब्लाइंडची होती. ती छाप्यांची अवस्था ओलांडून आली होती, आणि दहशतीची अजून शिल्लक होती. नेमक्या त्या मुदतीत तुम्ही स्वस्थ बसलात.

वकीलसाहेब : तुमच्या पायऱ्या मला पटल्या, आणि पुढच्या बैठकीत त्या मी तुमच्याविरुद्ध वापरीन. परंतु एक मुद्दा मी सोडणार नाही. प्रत्येक चिंचोक्याचे मोल सारखे, असे तुम्ही म्हणालात. ते खरे आहे, कारण हरल्यावर आपण पत्ते पिसून पुन्हा बसतो. अंबराच्या राशीत माणसे होती, आणि हरल्यावर खडकी जळाली. शेवटचे सैन्य, शेवटचे शेत, म्हातारपणाची शेवटची पुंजी यांना शेवटची म्हणून अधिक किंमत असते, आणि तुमच्या १०० त २० च्या रेषेवर ती कोठेच उमटत नाही. तुमचा तक्ता ज्याला पुन्हा बसता येते त्याच्यासाठी आहे.

प्राध्यापक : हे मी कबूल करतो, आणि विद्यार्थ्यांनाही सांगत आलो : रेषा सरळ असते ती स्पर्धेतल्या चिप्सची, घरादाराच्या मोलाची रेषा शेवटाकडे उभी चढते, आणि तेथे ५५ टक्क्यांच्या भरवशावर सर्वस्व लावणारा गणित जाणत नाही असेच म्हणावे लागेल. परंतु तुमच्या त्या मनुष्यालाही एका प्रश्नातून सुटका नाही. शेवटची पुंजी राखून तो थांबला आहे, हे ठीक. त्याच्या थांबण्याने पुंजी राखली जाते आहे, की दर डावाला एक-दोन करीत ती दुसऱ्याच्या जमेस पडते आहे? पहिले असेल तर त्याने खुशाल थांबावे, आणि मी त्याला अंबराचा वारस म्हणेन. दुसरे असेल, तर सर्वस्व पणाला लावण्याचे टाळले असे त्याला वाटत असले तरी त्याने ते लावलेलेच आहे. एवढेच, की हप्त्याहप्त्याने, आणि जिंकण्याची शक्यता वजा करून.

वकीलसाहेब : हे उत्तर अपिलात टिकेल की नाही याची मला शंका आहे.

प्राध्यापक : अपील जरूर करा, फक्त मुदतीत करा.